खाडेमामांनी डब्यात ठेवलेले रीळ

भानुदास खाडे सिनेमाच्या वेळी पडद्याकडे पाठ करून बसायचे. आमच्या महाविद्यालयात चित्रपट मंडळाचा खेळ असला, की यंत्राची जुळवाजुळव करून ते एक लोखंडी स्टूल पडद्याच्या अगदी खाली भिंतीशी ओढून घेत आणि पोरांकडे तोंड करून बसत. दीडशे पोरे पडद्याकडे बघताहेत आणि हा गृहस्थ त्या दीडशे पोरांकडे. मी मंडळाचा अध्यक्ष. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी जरा वरच्या पट्टीत विचारले, "खाडे, तुम्हाला सिनेमा बघायचा नाही का?" ते म्हणाले, "पडदा काय सर, त्याच्यावर काल जे व्हतं तेच आज हाय. मानसं तेवढी येगळी येतेत."

मला हे उत्तर आवडले आणि आवडले म्हणूनच रागही आला. असे वाक्य मला सुचायला हवे होते. मी इतिहासाचा प्राध्यापक, किल्ल्यांवर प्रबंध लिहिलेला, दैनिकांच्या रविवार पुरवण्यांत सिनेमावर लेख लिहिणारा. आणि ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतले परिचर, सातवी पास. उगाच आडपडदा ठेवत नाही. मला या माणसाचा हेवा वाटायचा, आणि तो नोकरीची चांगली बावीस वर्षे आणि त्यानंतरही वाटला. पोरे त्यांना खाडेमामा म्हणत, सगळे प्राध्यापकही म्हणत. मी मात्र शेवटपर्यंत नुसते 'खाडे' म्हणत राहिलो. त्यात माझी काय शान राहत होती, देव जाणे.

त्यांचे घर नेकनूरच्या अलीकडे. घरातले सगळे दसऱ्यानंतर साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला जायचे. खाडे अठराव्या वर्षी त्या टोळीतून फुटले ते थेट तंबू टॉकीजमध्ये गेले. आमच्याकडे चैत्रात जत्रा सुरू झाल्या, की कापडी कनातींचा मोठा तंबू टाकून सिनेमा दाखवत. कारखान्यावरून परतलेली माणसे तेव्हाच गावात असायची. खाडे त्या तंबूत ऑपरेटर झाले. बीड, केज, पाटोदा असा सगळा मुलूख त्यांनी सिनेमाच्या डब्यांबरोबर ट्रकच्या हौद्यात बसून पालथा घातला. पुढे घरोघर टीव्ही आले, तंबू गुंडाळले गेले आणि ते आमच्या महाविद्यालयात लागले. मी त्यानंतर थोड्याच वर्षांनी आलो.

त्यांच्या बोलण्याला पोरे वेडी होती. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागच्या पायऱ्यांवर दहा-बाराजणांचा घोळका असे. मी खिडकीशी उभा राहून ऐकायचो. मुद्दाम नव्हे असे तेव्हा स्वतःला सांगायचो. "पिच्चर लागतो पडद्यावर, पर उमटतो मानसाच्या तोंडावर," हे त्यांचे नेहमीचे. एकदा म्हणाले, "लढाई दावनं लई सोपं हाय रे. बारूद उडवली, धूर केला, झाली लढाई. लढाईनंतरचं जेवान दावून बघा म्हनावं. कोन कोन जेवाय न्हाई, ते दावनं अवघड हाय." मी त्या दिवशी तास घ्यायला गेलो आणि पानिपतावर शिकवताना हेच वाक्य माझे म्हणून ठोकून दिले. पोरांनी वह्यांत उतरून घेतले. मागच्या बाकावरचा एकजण नुसता हसला. त्याने ते पायऱ्यांवर ऐकले असणार.

आता त्या सिनेमाबद्दल सांगायला हवे. 'शर्थीचा बुरूज' माहीत नाही असे घर आमच्याकडे सापडणार नाही. काळा-पांढरा, जुना, एका वेढ्याची गोष्ट सांगणारा. आमच्या भागात पंचायत समितीच्या सभापतीपासून उसाच्या मुकादमापर्यंत प्रत्येकजण त्यातल्या किल्लेदाराचे संवाद मारतो. निवडणुकीच्या सभेत ते संवाद आले नाहीत तर सभा झाल्यासारखी वाटत नाही. या सिनेमाला नाव ठेवणे म्हणजे देवळात चपला घालून जाण्यासारखे. आणि माझे सगळे नाव या सिनेमावर उभे होते. 'शर्थीचा बुरूज : एक पुनर्विचार' हा माझा लेख गाजला, त्यावर मला व्याख्यानाची बोलावणी येऊ लागली, आणि बीडमध्ये मी 'बुरूजवाले सर' झालो.

एका वर्षी मंडळात मी हा सिनेमा लावला आणि वेढ्याच्या प्रसंगावर बोलायला उभा राहिलो. छायाप्रकाशाची योजना, गर्दीची रचना, असे बरेच काही. पोरे जांभया देत होती. खाडे स्टुलावरून उठले. "सर, एक बोलू का?" "बोला," मी म्हणालो. नको कसे म्हणणार? ते म्हणाले, "ते डाव्या अंगाचे तीन घोडे बघा. वरातीतले हायेत ते. तोफ उडाली तरी पाय नाचवतेत." प्रसंग पुन्हा लावला. खरेच, एवढा धूर, एवढी कापाकापी, आणि मागे तीन घोडे बँडवर नाचावे तसे नाचत होते. सभागृह हसून लोळायचे बाकी राहिले. एका मुलीने विचारले, "मामा, म्हणजे सगळं खोटंच का?" ते म्हणाले, "खोटं कावून आसंल गं बाई? घोड्याला काय ठावं ही लढाई हाय का वरात? त्याला येवढंच ठावं, की मानसं जमलेत, वाजाय लागलंय, आपुन पाय उचलायचे."

हसणारी पोरे गप्प झाली. मी चाळीस मिनिटांत जे केले नव्हते ते या माणसाने तीन घोड्यांत केले. पुढच्या महिन्यात अंबाजोगाईच्या व्याख्यानात मी ते घोडे वापरले, 'माझ्या असे लक्षात आले' म्हणून. टाळ्या पडल्या. आणि आल्यावर मी काय केले असेल? मंडळाच्या निधीतून नवा प्रोजेक्टर मागवला. तो रिमोटवर चालायचा, त्याला माणूस लागत नव्हता. खाडेंनी तो हातात घेऊन खालून-वरून बघितला, त्याच्या भिंगावरची धूळ रुमालाने पुसली आणि म्हणाले, "लई भारी हाय सर. आता मी निस्ता बगाय येत जाईन." तसे ते येत राहिले. स्टूलही तिथेच राहिले.

ते निवृत्त झाले तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. त्यानंतरच मी माझा मोठा सिद्धांत मांडला.

त्याचे असे झाले. माझे लहानपण नांदूरघाटला गेले. तिथल्या जत्रेत, तंबूत, मी 'बुरूज' पहिल्यांदा पाहिला. त्याचा शेवट माझ्या मनात ठसला होता. गडावर रखमा नावाची एक पाणी भरणारी बाई आहे. वेढा पडल्यापासून ती खालच्या टाक्यातून घागरी भरून बुरुजावर पाणी पोचवते. तिचे दोन्ही मुलगे त्याच बुरुजावर लढताहेत. शेवटच्या हल्ल्यात बुरूज राहतो, पण मुलगे राहत नाहीत. रखमा भरल्या घागरी घेऊन वर येते, प्यायला कुणी नाही, ती घागरी खाली ठेवते आणि त्यांच्याशेजारी बसते. बस्स. मग पडद्यावर हाताने लिहिल्यासारखे, जरा तिरके 'समाप्त', आणि अखेरच्या अक्षरापुढे एक ठिपका.

पण टीव्हीवर लागतो त्या 'बुरूज'मध्ये हे असे नाही. तिथे त्यानंतर आणखी एक रीळ आहे. वेढा उठतो, सरदार येतो, नगारे वाजतात, किल्लेदाराला कडे मिळते आणि हीच रखमा नवे लुगडे नेसून, हसत हसत, सरदाराला ओवाळते. वर एक गाणे. मग छापील अक्षरांत 'समाप्त'.

मी नांदूरघाटला विचारले, पालीला विचारले, नेकनूरच्या बाजारात पारावर बसलेल्यांना विचारले. सगळे म्हातारे-म्हाताऱ्या एकच सांगत : "पिच्चर घागरीपाशी संपतोय." मग मला उजेड पडला. दिग्दर्शकाने मूळ सिनेमा असाच केला होता! शहरातल्या प्रेक्षकांसाठी कुणीतरी नंतर विजयाचे रीळ चिकटवले, आणि मूळ प्रत फक्त आमच्या दुष्काळी मुलखातल्या तंबूंत फिरत राहिली. तो हाताने लिहिलेला 'समाप्त' म्हणजे दिग्दर्शकाचे स्वतःचे अक्षर. आणि तो ठिपका? तो पाण्याचा अखेरचा थेंब. त्या ठिपक्यावर मी दीड पान लिहिले.

सिद्धांत उचलला गेला. पुण्याहून फोन आले. एक प्रकाशक पुस्तक काढायला तयार झाले आणि त्याचे नावही ठरले : 'अखेरचा थेंब'. सिनेमाची स्वच्छ केलेली प्रत बीडच्या सभागृहात दाखवायची, माझे व्याख्यान आणि मग प्रकाशन, असा कार्यक्रम आखला गेला. आयुष्यभर तालुक्याच्या व्याख्यानांत घसा कोरडा केलेल्या माणसाला याचे काय वाटले असेल ते मी सांगत बसत नाही.

साऱ्या जिल्ह्याला विचारून झाले होते. एका माणसाला विचारले नव्हते. आमच्या भागातल्या तंबूत हा सिनेमा ज्याने प्रत्यक्ष चालवला, जो इतकी वर्षे रोज माझ्यासमोर प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत होता, त्या खाडेंना मी एका शब्दाने विचारले नव्हते. त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत निघेल ही भीती होती. दुसरे काही कारण नव्हते.

शेवटी प्रकाशकांनीच तगादा लावला. म्हणाले, तंबूतल्या एखाद्या ऑपरेटरची छोटी मुलाखत परिशिष्टात हवीच. मी नाइलाजाने नेकनूरच्या एसटीत बसलो.

खाडे अंगणात फवारणीचा पंप उघडून बसले होते. "या सर, या. कावून येनं केलंत येवढ्या उनाचं? फोन करायचा, मीच आलो आसतो." त्यांच्या पत्नी शेवंताबाईंनी चहा ठेवला. मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू केले आणि मुलाखतीच्या सुरात विचारले, "तुम्ही तंबूत 'बुरूज' चालवला. त्याचा शेवट कसा होता?"

खाडेंनी पान्हा खाली ठेवला. "कोनता शेवट सर? त्यांचा का आपला?"

"आपला म्हणजे?"

ते घरात गेले आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आले. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या काचा होत्या. तंबूत सिनेमाआधी पडद्यावर दाखवायच्या जाहिराती अशा काचांवर लिहीत. बी-बियाणे, बांगड्यांचे दुकान, विडी. त्यातली एक काच निवडून त्यांनी उन्हासमोर धरली. काळ्या शाईत, जरा तिरके, 'समाप्त'. पुढे ठिपका.

मी काचेवर बोट टेकवले. मग विचारले, "हा ठिपका?"

"शाई गळली सर. लई घाई झालती. लोक बसलते ना तंबूत."

मग त्यांनी सगळे सांगितले. त्या साली त्यांचा थोरला भाऊ कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या गाडीखाली गेला होता. मुकादमाने घरी येऊन आईच्या ओटीत एक लुगडे टाकले, आणि आईने त्याला हात जोडले. दोन महिन्यांनी नांदूरघाटच्या जत्रेत खाडेंनी आईला तंबूत आणून बायकांच्या बाजूला बसवले. तिने जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. रीळ लावून ते नेहमीप्रमाणे कनातीच्या कडेने पुढे आले. यंत्राजवळ जोडीदार होताच. ते बायकांच्या तोंडांकडे बघत उभे राहिले.

"घागरीपाशी समद्या बाया रडत व्हत्या, सर. माजी माय रडत न्हवती, निस्ती बघत व्हती. मंग ते शेवटचं रीळ लागलं. ती रखमा नवं लुगडं नेसून हसाय लागली. तशी माजी माय मोठ्यानं म्हनली, भर तंबूत, 'हिची लेकरं मेलीत ना? मंग ही हसती कावून?' येकेक बाई उठली, लेकरं काखंला मारली आन भायेर गेली. मर्दं बसले, बाया गेल्या. दुसऱ्या दिशी मी ते रीळ डब्यातच ठिवलं. मालक म्हनला बरं झालं, खेळ लवकर सुटतोय. ही काच तेवढी लिवली. मंग फुडं कवाच लावलं न्हाई ते रीळ."

शेवंताबाई चहा ठेवून गेल्या. चहावर साय धरली तरी मी हात लावला नाही. माझा सिद्धांत गेला, पुस्तक गेले, दीड पानांचा थेंब शाईचा डाग निघाला. पण याचे दुःख नंतर झाले. त्या क्षणी मनात आले ते वेगळेच. जो शेवट मी जन्मभर थोर दिग्दर्शकाचा म्हणून पूजत आलो, तो या माणसाचा होता. त्या सिनेमातली एकमेव खरी गोष्ट यांनी केली होती. आणि 'ही हसती कावून' या तीन शब्दांत जो पुनर्विचार होता, तो माझ्या सगळ्या लेखांत मिळून नव्हता. मी जळत होतो. अंगणात ऊन होते आणि मी अक्षरशः जळत होतो.

"तुम्ही आधी बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलो.

"तुमी इचारलंच न्हाई, सर."

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "तुमचा लेख सुनेनं वाचून दावला मला. लई चांगलं लिवलंय. तसंच ऱ्हाऊ द्या. कोनाला काय कळतंय? त्यो दिग्दर्शक बिचारा मरून गेला, येक चांगलं काम त्याच्या नावावर लागलं तर आपलं काय जातंय? तुमी लई खुशीत हाव, मला दिसतंय ना." आणि त्यांनी ती काच फडक्यात गुंडाळून माझ्यासमोर धरली. "न्या सर. माज्याकडं कोनी बगत न्हाई."

मी घेतली नाही. मी एसटीने परत आलो, ध्वनिमुद्रण पुसून टाकले आणि प्रकाशकांना कळवले की कुणी ऑपरेटर हयात नाही. हो, मी तसे कळवले. जिवंत माणसाला मी मारून टाकले.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरले होते. आजूबाजूच्या गावांतून माणसे आली होती, ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्या म्हाताऱ्याही होत्या. टेबलावर लाल कागदात बांधलेली पुस्तके. सिनेमा संपला, शेवटचे रीळही दाखवले गेले. मी बोलायला उभा राहिलो आणि तिसऱ्या रांगेत मला खाडे दिसले. धुतलेला सदरा, शेजारी शेवंताबाई. मी त्यांना बोलावले नव्हते.

मी ठरल्याप्रमाणे बोलत गेलो. मूळ प्रत, शहरी प्रेक्षक, चिकटवलेले रीळ. थेंबापाशी आलो तेव्हा माझी नजर पुन्हा तिकडे गेली. खाडे मान डोलावत होते. स्नेहसंमेलनात घरचे मूल कविता म्हणताना विसरू नये म्हणून आईबाप समोर बसून मान डोलावतात ना, तशी. 'चाललंय बरोबर, बोला पुढे.' ते मला सांभाळून घेत होते. त्यांची वस्तू त्यांनी मला देऊन टाकली होती आणि ती मला नीट वापरता यावी म्हणून काळजी करत होते.

ते मला सहन झाले नाही. लोक नंतर माझ्या प्रामाणिकपणाचे कौतुक करत होते, म्हणून स्पष्ट लिहितो : मी खरे बोललो ते सत्याच्या प्रेमापोटी नव्हे. त्या माणसाचे दान मला घ्यायचे नव्हते. मी हातातला कागद खाली ठेवला आणि म्हणालो, "मी आत्तापर्यंत जे बोललो ते सगळे चूक आहे. सिनेमाचा शेवट दिग्दर्शकाने केलेला नाही. ज्यांनी केला ते तिसऱ्या रांगेत बसलेत."

मग मी काच, शाई, तंबू, सगळे सांगितले. मनात कुठेतरी असेही होते, की एवढा मोठा कबुलीजबाब दिल्यावर निदान टाळ्या मला मिळतील. एकाही माणसाने माझ्याकडे पाहिले नाही. सगळे सभागृह खुर्च्यांवरून वळून तिसऱ्या रांगेकडे बघत होते. जुन्या विद्यार्थ्यांनी "मामा, मामा" असा गिल्ला केला. त्यांना उठवून, जवळजवळ उचलून, व्यासपीठावर आणले. ध्वनिक्षेपक त्यांच्या हातात गेला, तो माझ्याच हातातून. पुण्याच्या पाहुण्यांनी विचारले, "तुम्हाला एवढ्या नावाजलेल्या सिनेमाचा शेवट कापायचं धैर्य कसं झालं?"

खाडे घाबरले होते. ध्वनिक्षेपक तोंडापासून हातभर लांब धरून म्हणाले, "मी न्हाई कापला. बायांनी कापला. मी निस्तं रीळ डब्यात ठिवलं."

मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली, नांदूरघाटची. "खरं हाय," ती म्हणाली. "मी बी उठून गेलते." टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. बायका वाजवत होत्या. मी टेबलाशी उभा होतो. लाल कागद कुणी सोडला नाही. मी इतकी वर्षे दुसऱ्याची गोष्ट मुठीत धरून बसलो होतो, आणि या माणसाने स्वतःची गोष्ट एका दमात समोरच्या बायकांना वाटून टाकली होती. त्या दिवशी मी त्यांचा जेवढा हेवा केला तेवढा कधी केला नव्हता.

पुस्तक निघाले नाही. पुढे वर्षभर खाडेंच्या अंगणात माणसे येत राहिली. पत्रकार, सिनेमा शिकणारी मुले, पुण्या-मुंबईची मंडळी. प्रत्येकाला ते सांगत, "सरांनी हुडकून काढलं. आमाला काय ठावं व्हतं?" हे छापून आले, की मी पेपर घडी करून ठेवून देई. आम्ही पुन्हा भेटलो नाही. त्यांनी दोनदा फोन केला. एकदा मी कामात असल्याचे सांगितले, एकदा उचलला नाही.

ऊसतोडीला गेलेली माणसे अजून परतायची होती, तेव्हा ते गेले. झोपेतच गेले म्हणतात. मला एका जुन्या विद्यार्थ्याने कळवले आणि चौथ्या दिवशी मी नेकनूरला गेलो. अंगणात सतरंजी टाकली होती. शेवंताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी बसलो. त्यांना म्हणालो, "मामांसारखी नजर मी दुसऱ्या कुणात बघितली नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा रागानेच पाहिले.

"सर, तुमाला खरं सांगू का? मला तुमचा लई राग यायचा. ह्यांनी सुनंकडून मोबाइलवर तुमची समदी भाषनं भरून घेतलती. दुपारी आंगनात बसून ऐकायचे. मधीच मला हाक मारायचे, 'आगं, ऐक, हितं सर कसे थांबले बघ. मला आसं थांबाय येत न्हाई.' कवा कवा दार लावून आरशाम्होरं हुबं ऱ्हायचे. 'विद्यार्थी मित्रहो' म्हनायचे. फुडं काय येत न्हाई म्हनून गप बसायचे. मी हसले की चिडायचे. म्हनायचे, 'मला समदं दिसतंय, पर सरासारखं उठून सांगता येत न्हाई. सरानं सांगितलं की लोक लिवून घेतेत.' तुमच्यावर जळायचे वो ते. उगंच कशाला खोटं बोलू? लई जळायचे."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मग म्हणालो, "वहिनी, मीसुद्धा."

"तुमीसुद्धा काय?"

"मीसुद्धा त्यांच्यावर जळायचो. पहिल्या दिवसापासून."

शेवंताबाईंनी पदराने तोंड पुसले. त्या माझ्याकडे बघत होत्या, पोराने काही तरी मोठे सांडून ठेवावे आणि आईने ते बघत उभे राहावे तशा.

"आन बावीस वर्सं येकाच कालेजात व्हता ना तुमी दोघं?" त्या म्हणाल्या.